ऑफरचा बोर्ड लटकतोय, माल कुठाय?

पगार झाल्यानंतरचा पहिला शनिवार. मार्टात तेलाच्या रॅकसमोर ट्रॉल्यांची कोंडी झालेली असते आणि हा संवाद ठरलेलाच:

"दादा, हे पाच लिटरचं आत आहे का बघा की."

"संपलं वो काकू. सकाळी होतं."

"मग हा बोर्ड कशाला ठेवलाय लटकवून?"

"आता गाडी मंगळवारी येणार."

काकू चिडतात, दादा पुढच्या ट्रॉलीकडे वळतो, बोर्ड जागच्या जागी. यात त्या दादाचा दोष जवळजवळ नसतो. रॅक भरणाऱ्या पोराला ऑफर किती नगांवर आहे हे कुणी सांगितलेलं नसतं आणि बोर्ड काढायचा अधिकारही त्याच्याकडे नसतो. दोष कुठं असतो ते बघायचं तर ऑफरचा माल दुकानात येतो कसा आणि जातो कसा हे माहीत पाहिजे. एकदा ते कळलं की रॅकसमोर उभं राहूनच ठरवता येतं, की थांबायचं, दुसरीकडे जायचं, की मॅनेजरला गाठायचं.

सवलतीचे पैसे कोण भरतंय?

पहिल्यांदा बघायचं ते ऑफर कुठं छापलीय. पाकिटावरच "२५ टक्के जादा" किंवा "३ घ्या, १ मोफत" असं छापलेलं असेल, चार साबण एकाच प्लास्टिकच्या आवरणात बांधलेले असतील, तर ती सवलत कंपनीची. असा माल कंपनी ठरावीक नगांपुरताच काढते. त्याचं पॅकिंग वेगळं, बहुतेक वेळा बारकोडही वेगळा. वितरकांना आणि मोठ्या दुकानसाखळ्यांना त्याचा कोटा वाटून दिला जातो. कोटा संपला की विषय संपला, पुढच्या गाडीला साधाच माल येतो. त्यामुळं पाकिटावर छापलेली ऑफर संपली असेल आणि कुणी "मंगळवारी या" म्हणालं, तर मंगळवारी हेलपाटा मारू नका.

या जातीच्या ऑफरमध्ये एक खोड कायम दिसते. ऑफरचा पॅक संपला की रात्री माल भरणारा त्या मोकळ्या जागेत साधा पॅक ओढून ठेवतो, कारण सकाळी फेरी मारणाऱ्या साहेबाला रॅक रिकामा दिसला तर बोलणी त्यालाच बसतात. रॅकवरची किमतीची पट्टी मात्र जुन्याच ऑफरची राहते. गिऱ्हाईक पट्टी वाचून माल उचलतं आणि बिलात पूर्ण किंमत लागते. काउंटरवर हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही, घरी जाऊन बिल वाचलं तर कळतं. उपाय साधा आहे. पट्टीवर खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बारकोडचे आकडे किंवा मालाचा कोड असतो. पाकिटावरच्या बारकोडखालच्या १३ आकड्यांपैकी शेवटचे चार-पाच आकडे त्याच्याशी ताडून बघा. सुरुवातीचे बघून उपयोग नाही. भारतात नोंदणी झालेल्या बारकोडची सुरुवात ८९० नेच होते, ते सगळीकडे सारखेच. शेवटचे आकडे जुळले नाहीत तर ती पट्टी त्या पाकिटाची नाही. पट्टीवर फक्त दुकानाचा अंतर्गत कोड असेल तर वजन ताडा. पट्टीवर १२५ ग्रॅम आणि पाकिटावर १०० ग्रॅम असेल तर प्रश्न तिथंच मिटला.

कंपनीचा ऑफर पॅक मार्टात संपला म्हणजे गावातून संपला असं नाही. मार्टात तो दोन दिवसांत उडतो, पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात महिनाभर पडून असतो, कारण तिथं कुणी ऑफर शोधायला जात नाही. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या होलसेल दुकानात डझनावर घेणार असाल तर असे पॅक हमखास विचारावेत. फक्त पॅकिंगची तारीख बघून घ्या.

दुकानानं स्वतः लावलेली ऑफर

बोर्ड दुकानाचा आणि पाकीट साधं असेल, तर सवलत दुकानाच्या खिशातून चाललीय. साखर, तेल, तूरडाळ, आटा, कधी कांदे-बटाटे. या मालात मुळातच सुटतं थोडं, आणि ऑफरमध्ये तर खरेदीच्या भावात किंवा त्याच्याही खाली विकतात. हिशेब असा असतो की साखरेसाठी आलेलं माणूस शांपू, बिस्किटं, प्लास्टिकचे डबे, पोरांचे कपडे घेऊन जाणार, आणि पैसा त्यात सुटणार. ऑफरची साखर दुकानाच्या पार मागच्या टोकाला का असते, तेही यातून कळेल. "इतक्या रुपयांच्या खरेदीवरच" ही अटही त्याच हिशेबातली.

आता मालाचं गणित बघा. आकडे उदाहरणापुरते आहेत. एका शाखेत एरवीच्या दिवशी ५ लिटरचे ३० कॅन जातात. ऑफर लागल्यावर चौपट जातील असं धरलं तर दिवसाला १२०, तीन दिवसांना ३६०. एका खोक्यात ४ कॅन, म्हणजे ९० खोकी. नुसतं तेलच दीड टनाच्या वर भरतं. एवढं ठेवायला शाखेच्या मागच्या गोडाऊनमध्ये जागा पाहिजे, आणि ती महिन्याच्या सुरुवातीला नसते. शिवाय तीच ऑफर एकाच वेळी सगळ्या शाखांत लागलेली असते, वखारीतला साठा सगळ्यांना वाटायचा असतो. मग वरून येतो २०० कॅनचा आकडा. पहिल्या दिवशी १२० जातात, उरलेले ८० दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ आणि अख्खा तिसरा दिवस बोर्ड एकटाच उभा.

२०० चा आकडा नेहमी चुकून येत नाही. प्रत्येक कॅनमागं दुकानाला चार पैसे तोटा असेल, तर माल कमी पडणं परवडतं आणि उरणं परवडत नाही. म्हणून अंदाज खालच्या बाजूलाच धरला जातो. एखाद्या वेळी चुकलं तर समजून घेता येतं. पण दर महिन्याला तीन दिवसांच्या ऑफरच्या पत्रकाला दीड दिवसाचाच माल येत असेल, तर त्याला अंदाज चुकला म्हणत नाहीत. गिऱ्हाईक दारात आणायचं काम पत्रकानं केलं, पुढं माल असो नसो, असा तो मामला असतो.

दुकानाच्या ऑफरचं एक बरं असतं. साधाच माल असल्यामुळं तो परत येऊ शकतो. इथं "गाडी कधी?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

साखर संपते की बांधायची राहते?

सुट्ट्या मालाची गोष्ट वेगळी. साखर, डाळी, शेंगदाणे, पोहे, रवा हे बऱ्याच दुकानांत मागच्या बाजूला पोत्यातून काढून, एक-दोन-पाच किलोच्या पिशव्यांत भरून, वजनाचं लेबल चिकटवून पुढं येतात. साखरेचं पोतं ५० किलोचं. एका पोत्यातून पाच किलोच्या दहाच पिशव्या होतात आणि ऑफरच्या दिवशी त्या दहा मिनिटांत जातात. बांधणारी माणसं दोन, त्यातली एक जेवायला गेलेली. मागं पोत्यांची थप्पी आणि पुढं रॅक रिकामा, असं चित्र ऊसकारखान्यांच्या या जिल्ह्यातही दिसतं.

म्हणून साखर-डाळीच्या रॅकवर "संपलं का?" विचारू नका, "पॅकिंग चालू आहे का?" असं विचारा. पहिल्याचं उत्तर हमखास "हो" येतं, कारण रॅकवर नसलं म्हणजे विचारणाऱ्याच्या दृष्टीनं संपलेलंच असतं. दुसऱ्या प्रश्नाला माणसाला आत बघून यावं लागतं. पॅकिंग चालू असेल तर बाकीची खरेदी उरकून अर्ध्या तासानं परत त्या रॅकवर या.

सिस्टीमला दाखवतंय, पण नाही

सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार हाच. काउंटरवरचा मुलगा संगणकात बघून सांगतो, "बारा नग आहेत." ॲपवरही "उपलब्ध" दिसतं. रॅकवर शून्य, गोडाऊनमध्ये शून्य. आणि यातली खरी भानगड पुढं आहे: संगणकाला बारा नग दिसताहेत तोवर तो नवीन माल मागवतच नाही. कित्येक दुकानांत साठा ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की ऑर्डर आपोआप निघते. कागदावर साठा असेल तर ऑर्डर निघणार नाही, आणि तो माल आठवडा-आठवडा रॅकवर दिसणार नाही.

हे बारा नग जातात कुठं? काही फुटलेले, पिशवी भोक पडून गळलेले, पण "डॅमेज" म्हणून नोंद न केलेले. काही चोरीला गेलेले. काही गाडीतून आलेच नाहीत, पण चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, होते म्हणून उतरवून घेताना मोजदाद न करता सही झाली. काही दुकानातच आहेत, पण कुणीतरी ट्रॉली सोडून गेलं आणि तेलाची पिशवी बिस्किटांच्या रॅकमागं राहिली. आणि एक मोठं कारण काउंटरवरचं. गिऱ्हाईकानं एकाच किमतीच्या सहा वेगवेगळ्या चवींच्या नूडल्स आणल्या. गर्दी असते, कॅशियर एकच पाकीट स्कॅन करतो आणि नग सहा टाकतो. बिल बरोबर येतं, साठा मात्र बिघडतो. एका चवीचे सहा वजा होतात, बाकी पाच चवींचा एकही नाही. महिन्याभरात त्या पाच चवींचा कागदी साठा फुगत जातो.

याला गिऱ्हाईकाकडून एकच उपयोगी गोष्ट होऊ शकते. त्या विभागाच्या माणसाला (कॅशियरला नव्हे) सांगायचं: "सिस्टीमला बारा दाखवतंय, रॅकवर एकही नाही, मोजून साठा दुरुस्त करायला सांगा." ही भाषा ऐकली की तो समजतो, कारण साठा दुरुस्तीची नोंद ही त्याच्या कामाचीच गोष्ट आहे. ती झाली तरच पुढची ऑर्डर निघते. आज माल मिळणार नाही, पण पुढच्या आठवड्यात मिळेल.

गाडीचा वार

कोल्हापुरातल्या मोठ्या दुकानाला माल दोन वाटांनी येतो. दूध, पाव, बिस्किटं, थंड पेयं असला माल बहुतेक स्थानिक वितरकाकडून थेट. बाकीचा साखळीच्या वखारीतून, म्हणजे पुण्याकडून किंवा त्याच्याही पलीकडून, हायवेनं. या दुसऱ्या गाडीचे वार ठरलेले असतात. ते गुपित नसतं. दाराजवळच्या सिक्युरिटीवाल्याला कॅशियरपेक्षा पक्कं ठाऊक असतं, कारण गेट तोच उघडतो.

गाडी आली म्हणजे माल रॅकवर आला असं नव्हे. उतरवणं, खोकी मोजणं, चलनाशी ताडून सिस्टीमला चढवणं, मग खोकी फोडून पुढं नेणं. यात अर्धा दिवस सहज जातो, आणि रॅक भरायचं काम बहुतेक ठिकाणी रात्री दुकान बंद झाल्यावर किंवा पहाटे चालतं. म्हणून गाडीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका, दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना जा. तोच दिवस ऑफरचा पहिला दिवस असेल तर सोन्याहून पिवळं.

पावसाळ्यात हे सगळं वेळापत्रक पंचगंगेच्या हातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि गाड्या पलीकडेच अडकल्या, तेव्हा ऑफरच काय, साधं दूधही रॅकवर नव्हतं. त्यामुळं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी इशाऱ्याकडे सरकायला लागली की पत्रकातली तारीख बघत बसू नका, लागेल तेवढं घेऊन ठेवा.

"एका बिलावर दोनच"

ही अट लोकांना टोचते, पण ती तुमच्याच बाजूची आहे. ऑफरचा भाव वितरकाच्या भावाखाली गेला की आजूबाजूचे छोटे दुकानदार मार्टातूनच माल भरतात. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. पण सकाळी साडेनऊला दोन माणसं सहा ट्रॉल्या भरून घेऊन गेली की दुपारच्या काकूंना काय उरणार? अट नसलेली तेलाची ऑफर पहिल्या दोन तासांत संपते. अट असेल तरी घरातली चार माणसं चार बिलं करतातच, पण निदान वेग कमी होतो. पत्रक वाचताना ही अट शोधा. ती असेल तर संध्याकाळी माल मिळण्याची थोडीफार आशा धरा. नसेल तर सकाळीच जा नाहीतर विसरा.

बादली फ्री, पण बादली नाही

पावडरच्या मोठ्या पिशवीवर बादली, चहाच्या पुड्यावर बरणी. मुख्य माल भरपूर असतो, फुकटची वस्तू आधी संपते. कारण दोन्ही वेगवेगळ्या गाड्यांनी, वेगवेगळ्या मोजणीनं येतात आणि बादल्या एकात एक बसवून आणल्या तरी जागा फार खातात. कित्येक ठिकाणी फुकटची वस्तू रॅकवर नसतेच, बिल झाल्यावर बाहेरच्या मदतकक्षातून घ्यायची असते. म्हणून क्रम उलटा करा. आधी मदतकक्षात जाऊन "बादली आहे का?" विचारा, मग पावडर ट्रॉलीत टाका. बिल झाल्यावर नाही म्हणाले तर दोनच रस्ते: पावडर परत करून पैसे घ्या, नाहीतर बिलावर "बादली देणे बाकी" असं लिहून घेऊन तारीख, सही, शिक्का घ्या. तोंडी "पुढच्या वेळी देतो" याला काही किंमत नाही. पुढच्या वेळी त्या टेबलावर माणूस दुसरा असतो.

"एकावर एक"मध्ये दोन्ही नग स्कॅन झाल्याशिवाय सूट पडत नाही. एकच नेला तर पूर्ण किंमत. एक लिंबाचा आणि एक गुलाबाचा चालेल का, हे त्या ऑफरमध्ये कोणते बारकोड टाकलेत त्यावर. काउंटरवर पहिल्यांदा हेच दोन नग स्कॅन करायला सांगा आणि पडद्यावर सूट पडली का बघा. नाही पडली तर तिथंच बाजूला काढता येतात. पन्नास वस्तूंच्या बिलाच्या शेवटी शोधायला लागलं की मागची रांग तुमच्यावर खेकसते आणि तुम्ही जाऊ दे म्हणता.

मुदत जवळ आलेल्या मालाची सवलत ही वेगळी जात. ती परत भरली जात नाही, आणि भरली जाऊही नये.

मॅनेजरकडे काय मागायचं

"असं कसं संपलं?" हा प्रश्न मॅनेजरनं दिवसातून वीसदा ऐकलेला असतो. त्याच्या हातात जे आहे तेच मागा. ऑफरची मुदत चालू आहे आणि बोर्ड लावलेला आहे, तर त्याच भावात दुसऱ्या ब्रँडचा तेवढाच माल देता येतो का? काउंटरवर किंमत बदलायला वरच्या माणसाचं लॉगिन लागतं, ते बहुतेक शाखांत मॅनेजरकडे असतं. दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची डाळ किंवा आटा असेल तर हे जास्त सोपं जातं. नाही म्हणाला, तर नाव-नंबर लिहून घेऊन माल आल्यावर दोन नग बाजूला ठेवायला सांगा. तेही नाही, तर बोर्ड आत्ता, तुमच्यासमोर काढायला सांगा. ही तिसरी मागणी नाकारायला त्याच्याकडे काहीच कारण नसतं, आणि तुमच्या मागून येणाऱ्या वीस जणांचा वेळ वाचतो.

अमेरिकेत किराणा साखळ्यांच्या जाहिरातींसाठी १९७१ पासून वेगळा नियम आहे. जाहिरात केलेला माल दुकानात हवा. १९८९ च्या दुरुस्तीनंतर माल संपला तर नंतर त्याच भावात देण्याची चिठ्ठी किंवा तोलामोलाचा दुसरा माल देऊनही दुकान सुटू शकतं. आपल्याकडे अशी चिठ्ठी देण्याची सक्ती नाही. पण मागायला कोण अडवतंय? शाखा कोल्हापुरातली, मॅनेजर बहुतेक आसपासच्याच गावचा, आणि महिन्याला येणारं गिऱ्हाईक त्याला तोडायचं नसतं.

मुळात ती ऑफर घेण्यासारखी होती का?

तेलावर जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त धावपळ त्याच्यासाठीच होते. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण बाजारात आता ९१० च्या शेजारी ८५०, ८७० ग्रॅमच्या पिशव्याही असतात, दिसायला हुबेहूब. समजा ९१० ग्रॅमची पिशवी १४० रुपयांना आणि "ऑफर"मधली ८५० ग्रॅमची १३४ ला. पहिलीत १०० ग्रॅमला १५ रुपये ३८ पैसे पडतात, दुसरीत १५ रुपये ७६ पैसे. ऑफरचीच महाग. डब्याचं तर विचारूच नका. १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लिटरचा वेगळा. १५ लिटरमध्ये तेल भरतं १३ किलो ६५० ग्रॅम. १५ लिटरचा २१३० रुपयांना असेल तर किलोला १५६ पडले, आणि १५ किलोचा २२५० ला असेल तर १५०. पाकिटावर आता एमआरपीजवळ ग्रॅममागं किंवा किलोमागं किती पडतात ती किंमतही छापावी लागते. ती मात्र एमआरपीवर काढलेली असते, ऑफरच्या भावावर नाही. ऑफरचा हिशेब मोबाइलवर तुम्हीच करायचा.

येण्याजाण्याचाही धरा. कळंब्याहून किंवा उचगावहून जाऊन-येऊन १२ किलोमीटर झाले, गाडी ४५ चं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल शंभराच्या वर, तर २८ रुपयांच्या आसपास पेट्रोलच जातं. दोन किलो साखरेमागं बारा रुपये वाचवायला ही फेरी मारण्यात शहाणपणा नाही. दुसरं काही काम असेल त्याच वाटेवर, तर गोष्ट निराळी.

भाव चढणीला लागले असतील तेव्हा पत्रकावर अजिबात विसंबू नका. १४ सप्टेंबर २०२४ ला, गणपती बसलेले असताना, केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. अशा वेळी जुन्या भावाचा साठा हेच सोनं होतं, आणि आधी छापलेल्या ऑफरला माल सोडायला कोणताच दुकानदार राजी नसतो. ते शुल्क मे २०२५ च्या अखेरीला १० टक्क्यांवर आलं.

वर्षातले धोक्याचे दिवस तर ठरलेलेच. श्रावणात आणि नवरात्रात साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाणे. दिवाळीच्या आधी दहा दिवस बेसन, मैदा, रवा, भाजके पोहे. फराळाचं सामान वसुबारसेच्या आठवड्यात ऑफरमध्ये मिळेल या आशेवर राहू नका. ऑफर असेल, माल नसेल. तीन आठवडे आधी भाव दोन-चार रुपये जास्त असला तरी रॅक भरलेला असतो. उन्हाळ्यातल्या चटणीच्या सामानाचं तर मार्टाकडे बघूच नये असं माझं मत. मिरची हातात घेऊन, देठ मोडून, वास घेऊन घ्यायची वस्तू; ती लक्ष्मीपुरीतच.

कायदा कुठवर साथ देतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, त्यात हा प्रकार सरळ येतो: स्वस्तात विकायची जाहिरात करायची, पण त्या भावात वाजवी मुदतीत, वाजवी प्रमाणात माल द्यायचा इरादाच नसायचा. फुकट वस्तू जाहीर करून न देण्याच्या इराद्यानं स्कीम काढणं हेही त्यातच. त्यापुढं ९ जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींसाठी स्वतंत्र कलम आहे. जाहिरातीमुळं जेवढी मागणी येईल असा अंदाज करता येतो, तेवढा माल ठेवला पाहिजे. मागणी साठ्यापेक्षा जास्त होणार असं दिसत असेल, तर साठा मर्यादित आहे हे जाहिरातीत स्पष्ट सांगितलं पाहिजे. ठरावीक भागापुरतीच ऑफर असेल तर तेही लपवता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत.

म्हणूनच प्रत्येक पत्रकाच्या तळाशी "स्टॉक असेपर्यंत" आणि "निवडक शाखांमध्ये" अशी मुंगीच्या पायाएवढी अक्षरं असतात. या ओळीनं दुकानाला थोडं कवच मिळतं हे खरं. पण तीन दिवसांची ऑफर पहिल्याच सकाळी अकराला संपत असेल, किंवा ऑफरचा माल त्या शाखेला आलाच नसेल, तर ही ओळ पुरेशी नाही, आणि तुमचं म्हणणं याच मुद्द्यावर मांडायचं.

पुरावा जागेवरच गोळा करा: बोर्ड आणि रिकामा रॅक एकाच फोटोत, पत्रकाच्या दोन्ही बाजू, आणि त्या दिवशीचं कुठल्याही एका वस्तूचं बिल, म्हणजे तारीख-वेळ पक्की होते. आधी दुकानाच्या ग्राहकसेवेला लेखी कळवा, बिलावर ईमेल असतो. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तक्रार मराठीत सांगता येते, नोंदणी क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. त्याच्या पुढचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. कोल्हापुरात तो आहे, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल करता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण साठ रुपयांच्या सवलतीसाठी आयोगात तारखा घालवू नका. मोठी वस्तू असेल, फ्रीज किंवा टीव्ही ऑफरमध्ये दाखवून महागडं मॉडेल गळ्यात मारलं असेल, तर जरूर जा. मुदत दोन वर्षांची आहे.

एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले किंवा वजन कमी भरलं, तर ते ऑफरचं प्रकरणच नव्हे. ते वैधमापनशास्त्र विभागाकडे न्यायचं.

हेल्पलाइनला सांगताना शाखा, ऑफरच्या तारखा, मालाचं नाव आणि वजन, तुम्ही किती वाजता गेलात आणि दुकानानं काय उत्तर दिलं, एवढंच सांगा. "हे नेहमीच असं करतात" हे वाक्य गाळा, त्यावर कंपनीला काही उत्तर द्यावं लागत नाही. "५ तारखेला सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी ५ लिटरचा एकही कॅन नव्हता, ऑफर ७ पर्यंत होती, बोर्ड लावलेला होता" यावर द्यावं लागतं.